मागे कोण उरले

दुपारी दोननंतर तुर्भ्याचा कांदा-बटाटा बाजार थोडा शांत होतो. पहाटे आलेल्या गाड्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि माथाडी मंडळी हुक बाजूला ठेवून गोण्यांच्या थप्पीवर आडवी होतात. मी तिथल्या एका गाळ्यावर मेहताजी आहे. त्या सामसुमीत वह्या लिहिणे हाच माझा विसावा.

२०२१ च्या एप्रिलात माझी पत्नी करोनाने गेली. पुढे कित्येक आठवडे लोक मला पुस्तके आणून देत. त्यांत आत्मा अमर असे आणि दुःख ही संधी असे. मला ती वाचवेनात. देणाऱ्यांचा उगाच राग येई; बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

आमच्या गाळ्यावरचे एक वृद्ध माथाडी, सातारकडचे, एक जाडजूड, वेष्टण गेलेले पुस्तक वाचीत पडलेले असत. विश्वास पाटलांचे १९८८ सालचे 'पानिपत'. त्यांचा कर्ता मुलगा काही वर्षांपूर्वी गेला होता, एवढे मला ठाऊक होते. एके दिवशी मी विचारले, "मामा, शेवट ठाऊक असताना तेच तेच काय वाचता?"

"शेवट ठावं हाय म्हनूनच वाचतो, मेहताजी. पयल्यांदा वाचताना त्याचीच धास्ती हुती. आता मागं कोन उरलं त्ये बघतो."

मागे उरले त्यांत महादजी शिंदे होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या धुळवडीतून ते पायाला कायमचे अधू होऊन निघाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना पाणी वाहण्याच्या आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणले. दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठे पुन्हा दिल्लीत शिरले तेव्हा लंगडते महादजी त्यांत होते. भाऊसाहेबांविषयी मामा आदराने बोलत, पण जीव त्यांचा राणेखानावर. "त्यो आमच्यातला. वझं उचलनारा."

त्या रात्री मी पत्नीच्या ट्रंकेतून 'रणांगण' काढले. पहिल्या पानावर तिचे माहेरचे नाव, कॉलेजातल्या वळणदार अक्षरात. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची. हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू आणि आपला चक्रधर एकाच बोटीवर भेटतात. चक्रधर मुंबईला उतरतो. हॅर्टाला उतरण्याची मुभा नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते आणि ती समुद्रात जीव देते. विशीत मी हॅर्टासाठी रडलो होतो. या खेपेस माझे लक्ष धक्क्यावर उतरलेल्या त्या माणसावर खिळले. त्याने काही पराक्रम केलेला नाही. उलट त्याच्या वागण्याची चीडच येते. पण तो उरला आहे, आणि जे झाले ते सारे, स्वतःचा उणेपणा न लपवता, सांगतो आहे. मला कोणी समजूत घालायला नको होती. असा एक माणूस हवा होता.

(युद्धाच्या सगळ्याच कादंबऱ्या काही अशा नसतात. कित्येकींत तोफा केवळ रोषणाईसाठी उडतात. त्या मी मिटून ठेवतो.)

पहाटे मी पत्नीचे कपाट उघडले. सात महिने किल्ली माझ्याच खिशात होती. साड्यांच्या घड्या तशाच होत्या. दोन ठेवल्या, बाकीच्या तिच्या बहिणींकडे पाठविल्या.

मामांना मी 'रणांगण' दिले. चार दिवसांनी त्यांनी ते परत केले, जरा घुश्शातच. "पोरगी वाचाया पायजे हुती." मग थोड्या वेळाने, "ती बोट आपल्या खाडीतनं गेली का वो?"

मी म्हटले, "नाही, मुंबई बंदरातून. खाडीपलीकडे ट्रॉम्बे, त्याच्याही पुढे." आणि मेहताजीला न शोभणारी विद्वत्ता दाखवीत सांगितले की, ट्रॉम्बेचे मराठी नावदेखील तुर्भेच.

"मंजी तुर्भ्याच्या म्होरनंच की," मामा म्हणाले. बाहेर नाशिकची गाडी लागली होती. त्यांनी हुक उचलला.