कारंज्यातील एक वर्ष

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे गाव दत्तभक्तांना नवे नाही. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ पूर्वी येथे थांबत असे. आपल्यापैकी काहींनी तिच्यातून प्रवासही केला असेल. आता रस्त्यानेच जावे लागते. गुरुमंदिरात पादुकांचे दर्शन घेऊन सभामंडपात घटकाभर बसावे आणि या गावाशी निगडित असलेली एक घरगुती कथा आठवावी.

सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात, अकराव्या व बाराव्या अध्यायांत ती आली आहे. माधव आणि अंबा यांचा नरहरी हा पुत्र. मुंज होताच त्याने तीर्थयात्रेला निघण्याची आज्ञा मागितली. एकुलता एक मुलगा दुरावणार, या कल्पनेने माता व्याकुळ झाली. दुसरे अपत्य होईपर्यंत तरी घरी राहा, अशी तिने विनवणी केली आणि नरहरी राहिला. पुढे मातेला जुळे पुत्र झाले. ते तीन महिन्यांचे झाल्यावर तिचा निरोप घेऊन तो काशीच्या वाटेला लागला.

श्रद्धावंतांना या कथेत अवतारकार्य दिसते. घरातील वडीलधाऱ्यांना आणखीही एक गोष्ट दिसावी: भावंडे येण्यापूर्वी मायलेकांना लाभलेला तो अवधी.

आपल्या घरी सून किंवा लेक दुसऱ्यांदा गरोदर असते, तेव्हा आपण प्रेमापोटीच थोरल्या नातवंडाला तिच्यापासून दूर नेतो. ‘आईला त्रास देऊ नकोस, माझ्याजवळ झोप,’ असे म्हणतो. तिला विश्रांती हवी, हे खरेच. परंतु मुलाला त्यातून एवढेच कळते की, बाळ येण्याआधीच आपली जागा गेली. नरहरी स्वतःहून निघाला होता. हे मूल मात्र घरात असूनच दुरावते.

म्हणून शक्य असेल तेथे उलट करावे. मुलाऐवजी काम आपल्याकडे घ्यावे. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, दुपारचा चहा करणे एवढे बसून वा सावकाश होण्याजोगे काम आपण उचलले, तरी आईला रोज अर्धा तास मोकळा मिळतो. त्या वेळात तिने मुलाला उचलून घेण्याची गरज नाही. शेजारी बसून गोष्ट सांगावी, त्याच्या तान्हेपणीच्या आठवणी काढाव्यात. वडिलांनीही असा वेळ ठरवून द्यावा. मुलाची झोपण्याची जागा बदलायची असेल किंवा त्याला बालवाडीत घालायचे असेल, तर ते बाळंतपणाच्या बरेच आधी करावे.

इतके करूनही बाळ आल्यावर मूल अंथरूण ओले करील, बोबडे बोलू लागेल, कडेवर घ्या म्हणेल. हे बहुधा तात्पुरते असते. त्याला रागावू नये. ‘आता तू मोठा झालास’ हे वाक्य तर काही दिवस विसरूनच जावे.

कारंज्याला या तिघांना घेऊन जाण्याचा विचार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावे. विदर्भातील उन्हाळा टाळावा, सकाळची वेळ धरावी, पाणी आणि आपली रोजची औषधे जवळ ठेवावीत. गुरुमंदिर आणि ऋषी तलाव एवढे एका फेरीला पुरे. गावाजवळच्या सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत. मुलाला त्यांची ओढ वाटेल, पण आईला गाडीचे धक्के सोसणार नसतील तर तो बेत पुढे ढकलावा.

आणि तेथे पोहोचल्यावर आपण थोडे मागे राहावे. गुडघ्यांचे निमित्त आहेच. मंडपात टेकून बसावे आणि मुलाचे बोट आईच्या हाती राहू द्यावे. गुरुचरित्र सांगते की, नरहरी पुढे बऱ्याच वर्षांनी कारंज्याला आला, आईवडिलांना आणि भावंडांना भेटला. आपले मूल तर कोठे जाणारही नाही. त्याची आईजवळची जागा तेवढी जपायची आहे.