नेगेवमधली पनवेलची आजी

जुन्या पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेले ‘बेथ एल’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनागृह, आजही उभे आहे. मात्र कोकणातल्या ज्या बेने इस्रायली समाजाने अशी प्रार्थनागृहे बांधली, त्याच्या बहुतेक वंशजांची घरे आता दिमोना, लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा या इस्रायली शहरांत आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी या समाजाची श्रद्धा आहे. मराठी हीच त्याची मातृभाषा, रोहेकर, पेणकर, केहीमकर, नागावकर अशी गावांवरून पडलेली त्याची आडनावे, आणि तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवतो म्हणून शेजाऱ्यांनी त्याला दिलेले नाव ‘शनिवार तेली’. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली तेव्हा भारतात या समाजाची सुमारे २०,००० माणसे होती आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतली बहुसंख्य निघून गेली. या स्थलांतराच्या इतिहासात संस्था आणि ठराव यांच्या नोंदी पुष्कळ सापडतात. पण कोकणातून आई म्हणून गेलेली आणि तिकडे आजी झालेली स्त्री त्या नोंदींत जवळजवळ दिसत नाही, आणि समाज टिकला तो मुख्यतः तिच्या हातून, हे लक्षात घेतले तर ही उणीव फार मोठी वाटते.

समाजाची सर्वांत लाडकी आख्यायिकाच याची साक्ष देते. दाविद राहबी नावाचा एक ज्यू धर्मज्ञ कोकणात आला, तेव्हा हे शनिवार पाळणारे तेली खरोखर ज्यू आहेत की नाहीत, याची त्याला परीक्षा घ्यायची होती. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. खवले आणि पर असलेली मासळीच खावी, हा ज्यू धर्मशास्त्राचा नियम त्या बायकांना कोणत्याही ग्रंथातून ठाऊक नव्हता, कारण ग्रंथ त्यांच्याजवळ उरलेच नव्हते. पण त्यांनी चालणारी मासळी तेवढी वेगळी काढली आणि बाकीची आपण खात नाही म्हणून बाजूला सारली. राहबीची खात्री पटली, असे कथा सांगते. त्याचा काळ कोणता याबद्दल मतभेद आहेत, परंतु ज्या समाजाने आपल्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून चुलीपाशी बसलेल्या बाईचे ज्ञान पुढे केले, त्या समाजाला आपली आई कोण होती हे नीट कळले होते, असे म्हणायला हरकत नाही.

हे ज्ञान रोजच्या रांधण्यात मुरलेले होते. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही हा धर्माचा दंडक, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध. कोळंबी, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या दारावर आल्या तरी घरात घ्यायच्या नाहीत. शुक्रवारचा सूर्य मावळण्याआधी शनिवारचे रांधून दिवा लावायचा. आणि विधीला चालेल असा द्राक्षासव मिळत नाही म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा. सणांची नावेही घरगुती मराठी होती. ज्यू नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा कडक उपवास म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, आणि जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या उपवासाशी वालाच्या बिरड्याचे जेवण जोडलेले होते.

बिरड्याला लागणारे कष्ट रायगड जिल्ह्यातल्या कोणत्याही घराला ठाऊक असतात. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा, म्हणजे साल सुटून पांढरी डाळिंबी अलगद बाहेर येते. मग फोडणी, खोबरे, आमसूल आणि गुळाचा खडा. हा रोजा येतो तो जुलै-ऑगस्टात, म्हणजे पनवेलला गाढी नदी दुथडी भरून वाहत असताना, हवा इतकी ओली की फडके आपोआप दमट राहते. तेच वाल कुणी इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात मोडवायला घेतले, तर उन्हाळ्याच्या त्या कोरड्या झळांत फडके तासाभरात वाळते आणि त्याच्यावर पुन्हापुन्हा पाण्याचा हबका मारावा लागतो. पनवेलमध्ये जेरुसलेमसाठी शोक करताना रांधलेला पदार्थ जेरुसलेमच्या देशात पोहोचल्यावर पनवेलची आठवण होऊन बसावा, एवढे मोठे स्थित्यंतर त्या आईने एकाच आयुष्यात सोसले.

आणि सोसले हाच शब्द योग्य आहे. धर्माच्या ओढीने गेलेल्या या माणसांच्या वाट्याला आरंभी तात्पुरत्या छावण्या, नंतर वाळवंटात नव्याने वसवलेली गावे आणि अंगमेहनतीची कामे आली. कातडीच्या रंगावरून मिळणाऱ्या वागणुकीने काहीजण इतके दुखावले की त्यांनी १९५१-५२ मध्ये तेल अवीवला धरणे धरले आणि आम्हाला परत भारतात पाठवा अशी मागणी केली. दीडशेच्या आसपास माणसे खरोखरच परतली, आणि त्यांतली बरीचशी पुढे पुन्हा इस्रायलला गेली. घरातला पुरुष कारखान्यात हिब्रू शिके, मुले शाळेत शिकत, आणि नऊवारी किंवा गोल साडी नेसून बाजारात उभी राहिलेली आई मुलांच्या तोंडून ऐकलेले शब्द जुळवत भाजी घेई. ज्या भाषेत ती देवाची प्रार्थना ऐकत आली होती, त्याच भाषेत आता तिला कांदे मागायचे होते.

सर्वांत खोल घाव मात्र १९६२ साली बसला. ज्यू परंपरेनुसार माणसाचे ज्यूपण आईकडून येते. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने त्या वर्षी विवाह नोंदणाऱ्या धर्मगुरूंना आदेश दिला, की बेने इस्रायली वधू किंवा वर इतर ज्यूंशी लग्न करू इच्छित असेल, तर त्याची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांतल्या स्त्रिया ज्यू होत्या का, याची चौकशी करावी. ज्या आजीने कोकणात पिढ्यानपिढ्या एकटीने शनिवार पाळला, तिचेच नाव संशयाच्या कागदावर चढले. हा अन्याय होता, आणि समाजाने तो निमूटपणे गिळला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायली स्त्री-पुरुष जेरुसलेमला धरणे धरून बसले, त्या ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला आदेशातून समाजाचे नाव काढावे लागले. राहबीने मासळी तरी पुढे ठेवली होती. येथे आजींना काही विचारण्याआधीच त्यांच्यावर शंका घेतली गेली.

असे असूनही त्या स्त्रिया कडवट झाल्या नाहीत, निदान त्यांनी मागे ठेवलेल्या गोष्टींत कडवटपणा दिसत नाही. त्यांनी मलिदा ठेवला. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि सुकामेवा यांचे ताट, सोबत फळे. एलियाहू हनाबी या प्रेषिताचे नाव घेऊन, नवस फेडताना किंवा लग्नकार्याआधी हे ताट मांडतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, म्हणून इस्रायलहून आलेली नातवंडे आजही तेथे जातात. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले, मराठी कीर्तने झाली आणि लग्नाआधीच्या मेंदीला मराठी गाणी म्हटली गेली. नातींची मराठी आता तुटक झाली आहे, वाचता तर बहुतेकींना येतच नाही. पण मेंदीच्या दिवशी मलिद्याचे पोहे किती भिजवायचे, हे त्यांना ठाऊक असते. ते त्यांना कुणी वहीत लिहून दिलेले नसते. आजीशेजारी उभे राहून, तिची मूठ पाहून त्या शिकलेल्या असतात, आणि पोहे कोरडे वाटले तर पाण्याचा हबका नेमका कधी मारायचा, हेही.