दोन इंच

लाकडी बर्थवर रात्र काढली की सकाळी आरशात पाहावे लागत नसे. समोरच्याच्या गालावर, दंडावर फळ्यांचे जे वळ उमटलेले दिसत तेच आपल्याही अंगावर आहेत एवढे समजायचे. आम्ही कोकणातली माणसे. आमच्याकडे रूळ नव्हतेच. आगगाडी गाठायची तर आधी एसटीच्या लाल डब्यातून घाट चढून कोल्हापूर, आणि तिथून रात्रीची मुंबईची गाडी. घाटातल्या वळणांनी पोटात आधीच ढवळलेले असे, त्यावर ती फळी. फळ्यांमधल्या फटींत ढेकणांचे वाडे असत. बोल्टची डोकी नेमकी माकडहाडाखाली येत. कूस बदलायची तर आता खांद्याचे हाल करायचे की खुब्याचे, हे आधी ठरवावे लागे. शहाणी माणसे वळकटी घेऊन निघत. आमची आजी गोधडीची चौपदरी घडी करून पाठीखाली घ्यायची आणि तिची अर्धी बाजू मला द्यायची. तो सगळा प्रवास मला आजही पाठीनेच आठवतो.

पहिल्या वर्गात गादी असते असे ऐकून होतो. पाहण्याचा योग नव्हता, कारण त्या डब्याच्या दाराशी नुसते रेंगाळले तरी कंडक्टर हटकायचा.

१९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला. म्हणजे पाटी बदलली. कालपर्यंत जो तिसरा होता तो आज दुसरा झाला, फळी होती तीच राहिली. इतक्या स्वस्तात समता आणल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

फळीवर गादी आली ती त्यानंतर तीनेक वर्षांनी. आणीबाणी उठली, मार्च १९७७ मध्ये मोरारजी देसाईंचे जनता सरकार आले आणि रेल्वे खाते राजापूरच्या खासदाराकडे गेले. प्रा. मधु दंडवते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या फळ्यांवर त्यांनी दोन इंच जाडीचा फोम घालायला लावला, वर रेग्झीनचे आवरण. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात पहिला वर्ग ठेवलाच नव्हता. सगळे प्रवासी एकाच वर्गाचे, आणि सगळ्यांच्या पाठीखाली फोम. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्याला वर उचलायचे, अशी त्यांची भूमिका होती. समाजवादी माणसाच्या तोंडी ती थोडी अनपेक्षित वाटते. त्यांच्या पंथातल्या कितीकांना ओढाओढीचाच अधिक उत्साह असे.

दोनच इंच का? मला वाटते, इथे मंत्र्याआधी मास्तर दिसतो. दंडवते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. वजन तेच ठेवून टेकण्याचे क्षेत्रफळ वाढवले की दाब कमी होतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले असणार. कडक फळीवर माणसाचा भार खांदा, खुबा, टाच अशा चार हाडांवर पडतो. फोम दबतो आणि तोच भार अंगभर वाटून घेतो. त्यासाठी फूटभर गादी लागत नाही. हा माझा तर्क. मंत्रालयातल्या फायलीत बहुधा दर चौरस मीटरला खर्च किती येतो एवढेच लिहिलेले असेल. पण कुठल्याही खात्याच्या मंत्र्याला नव्या गाडीचे उद्घाटन करायला आवडते, कोनशिला बसवायला आवडते. फोमवर नाव कोरता येत नाही. तो चार वर्षांत फाटतो, एखादे कंटाळलेले पोर फाटक्या जागेत बोट घालून पिवळे तुकडे उपसत बसते, मग रेल्वे नवा घालते. ज्यांच्या पाठी त्यावर टेकल्या त्यांतल्या बहुतेकांना हे कोणी केले ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याने त्यांची झोपही मोडलेली नाही.

दंडवते मूळचे अहमदनगरचे, जन्म २१ जानेवारी १९२४ चा. बेचाळीसच्या चळवळीने घडवलेल्या पिढीतले. मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ कॉलेजात ते शिकवत. १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले. पांढरे कपडे, चष्मा, आणि आकडे तोंडपाठ. कोकणाशी जन्माचे नाते काही नव्हते. नाते जोडून दिले ते बॅ. नाथ पै यांनी, आणि तेही जाताना.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९५७ पासून राजापूर मतदारसंघ त्यांचा. त्यांच्या वक्तृत्वाची मोहिनी अशी की ज्यांना भाषणातले निम्मे कळत नसे तेही मैदान सोडत नसत. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात ते गेले, वय अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक आली आणि त्यांच्या जागी प्राध्यापक उभे राहिले. देशभर इंदिरालाट होती. नगरचा माणूस, मुंबईत राहणारा, आमच्या कोकणाचा खासदार कसा होणार, असे म्हणणारे पुष्कळ होते. झाला. १९७१, ७७, ८०, ८४, ८९ असा सलग पाच वेळा झाला. चौऱ्याऐंशीला इंदिराजींच्या हत्येनंतर विरोधी पक्षांचे मोठमोठे वटवृक्ष उन्मळून पडले, तेव्हाही राजापूर हलले नाही. कोकणी माणूस भांडखोर, संशयी आणि हिशेबी. पण एकदा एखाद्याला ‘आपला’ म्हटले की मग त्याच्याशी हक्काने भांडतो, आणि मत मात्र त्यालाच देतो.

भांडणाचे कारणही घरचेच होते. आमचा खासदार देशाचा रेल्वेमंत्री, आणि त्याच्या मतदारसंघात एक इंच रूळ नाही! चाकरमानी गणपतीला यायचा तो एसटीने रात्रभर मुंबई-गोवा रस्त्यावर हाडे खिळखिळी करत, किंवा पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, उलट्या काढत. गावच्या पारावर कुरकूर चाले: हावड्याला जाणाऱ्यांच्या पाठीखाली गादी घातली, आमच्या पायाखाली रूळ कधी? सव्वादोन वर्षांत सरकारच कोसळले. त्या काळात रेल्वे काही कोकणात उतरली नाही. स्वतःच्या मतदारसंघासाठी खाते राबवायचे सोडून हा माणूस दुसऱ्या वर्गाच्या फळ्या मोजत बसला, असा हिशेब तेव्हा आमच्याकडे मांडला गेला. हिशेब चुकीचा नव्हता. तो फक्त आमच्या गावापुरता होता.

मंत्रिपदाआधीचा मुक्काम तुरुंगात होता. २६ जून १९७५ च्या सकाळी दंडवते बंगळूरला होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तिथेच. कशासाठी जमले होते? पक्षांतरबंदी विधेयकाच्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी. आमदार-खासदारांनी पक्ष बदलू नये म्हणून कायदा करायला गेलेली माणसे कुठल्याही गुन्ह्याविना आत गेली. महाराष्ट्रातल्या आजच्या वाचकाला यात हसू येण्यासारखे बरेच काही सापडेल.

ते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. प्रमिलाताईंचा पिंडही चळवळीचाच. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध मुंबईतल्या बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवणाऱ्यांपैकी त्या. पुढे १९८० मध्ये त्या स्वतःही लोकसभेत गेल्या. आणीबाणीतले ते महिने या नवराबायकोने एकमेकांना पत्रे लिहून काढले. तुरुंगाधिकारी वाचणार हे माहीत असताना नवऱ्याने बायकोला पत्र कसे लिहावे, याचा सराव त्या पिढीतल्या पुष्कळ घरांना झाला. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांची अशी पत्रे मी पाहिली आहेत. ‘येथील हवा बरी आहे’ या वाक्यावर बाईंनी पेन्सिलीने तीन प्रश्नचिन्हे काढलेली होती.

या तुरुंगवासामुळे असेल किंवा मूळ स्वभावामुळे, खाते हाती आल्यावर सुरुवातीच्या कामांत एक काम होते ते कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेण्याचे. मे १९७४ चा संप वीस दिवस चालला होता. जॉर्ज फर्नांडिस त्याचे पुढारी. संप मोडल्यावर हजारो कामगार घरी बसवले गेले. त्यांतल्या कोणी भाजी विकली, कोणी क्वार्टर सुटू नये म्हणून साहेबांच्या दारात उभे राहिले. जनता सरकारने त्यांना पुन्हा रुजू करून घेतले. माझ्या लेखी फोमपेक्षा हे काम मोठे. पण त्याचा फायदा ठरावीक घरांना झाला आणि त्या घरांनी तो लक्षात ठेवला. फोम सगळ्यांना मिळाला आणि सगळे विसरले.

अर्थमंत्री म्हणून दंडवते मला तितके भावत नाहीत. १९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंहांचे सरकार आले, अकरा महिने टिकले. शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जे माफ झाली. त्याने बँकांच्या वसुलीची सवय बिघडली, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती, तिच्यावर या सरकारकडे औषध नव्हते. एक गोष्ट मात्र सराफ कट्ट्यावर अजून सांगतात. मोरारजी अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले होते, चौदा कॅरटच्या मर्यादेने कारागीर सोनारांच्या भट्ट्या विझल्या होत्या. १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. १९९० साली तो कायदा रद्द केला दंडवत्यांनी. म्हणजे ज्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात ते रेल्वेमंत्री झाले त्यांचाच वारसा त्यांनी मोडीत काढला. दोघांपैकी कोणालाही दागिन्यांची हौस नव्हती.

आणि त्याच अकरा महिन्यांत आमचे काम झाले. योग असा की रेल्वे भवनात जॉर्ज आणि अर्थखात्यात दंडवते. कोकण रेल्वेसाठी अ. ब. वालावलकरांसारख्यांनी आयुष्य वेचले होते, नाथ पै संसदेत बोलून थकले होते, आणि अर्थखात्याचे उत्तर ठरलेले असे: पैसे नाहीत. १९८६ मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली आणि तिथेच फुरफुरत उभी राहिली. पुढे डोंगर, खाड्या, आणि पावसात पाझरणारी मऊ माती. जॉर्जनी मार्ग काढला तो रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीबाहेरचा. १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ५१ टक्के वाटा रेल्वेचा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ सहा-सहा; उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा. असल्या रचनेला नाही म्हणण्याची शंभर कारणे अर्थखात्याकडे तयार असतात. या वेळी त्या खात्याच्या खुर्चीवर राजापूरचा खासदार होता. सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली, महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन कामाला लागले.

वर्ष उलटायच्या आत, १९९१ च्या निवडणुकीत, राजापूरने दंडवत्यांना पाडले.

वारे बदलले होते. मुंबईतल्या चाळींत शिवसेनेची शाखा होती आणि गणपतीच्या सुट्टीत तीच शाखा गावात येई. प्रजा समाजवादी, मग जनता, मग जनता दल, अशी पक्षाची नावे बदलत गेलेली. जुने कार्यकर्ते, सेवा दलातले मास्तर, थकलेले. शिवाय ज्या पोराने मत दिले त्याला रूळ दिसत नव्हते, दिसत होत्या त्या भूसंपादनाच्या नोटिसा. बापजाद्यांची कलमे जाणार, विहीर जाणार, मोबदला किती मिळणार कोणी सांगत नाही. आमच्याच एका नातेवाइकाने रेल्वेच्या खुंट्या उपटून विहिरीत टाकल्या होत्या. आज तो मोदकांचे सारण डब्यात भरून गाडीने मुंबईला मुलीकडे जातो आणि गाडी वीस मिनिटे उशिरा आली की रेल्वेच्या नावाने बोटे मोडतो.

पुढे दंडवते दिल्लीत नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूरच्या जवळपर्यंत, ७४१ किलोमीटरचा, ९१ बोगद्यांचा मार्ग सलग सुरू झाला तेव्हा ते खासदार नव्हते. प्रमिलाताई त्यांच्या आधी गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवत्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी.

आता गाड्यांना वातानुकूलित डबे वाढत आहेत आणि साध्या शयनयानाचे कमी होत आहेत. सुधारणा म्हणून ते सांगितले जाते, आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी ती आहेच. ज्याच्या खिशात नाहीत तो मागे सरकत सरकत जनरल डब्यात गेला आहे, जिथे गादीचा प्रश्न येत नाही, कारण बूड टेकायलाच जागा नसते. येत्या गणपतीला कोकणकन्येच्या जनरल डब्यात एक रात्र उभे राहून पाहा. पहिला कोण, दुसरा कोण आणि तिसरा कोण, हे पाटी न वाचता कळेल. आणि परतलात की आपल्या खासदाराला त्याबद्दल एक पत्र टाका.