अष्टमीची भरती आणि दशम्यांचा डबा

प्रिय तुला,

व्हॉइस मेसेजच पाठवणार होते. पण तू ते दुप्पट वेगानं ऐकतेस आणि निम्म्यावर ‘बरं, कळलं’ म्हणून मोकळी होतेस, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. म्हणून पत्र. हे तरी सावकाश वाच.

मुलांना घेऊन दिवसभर समुद्रावर जायचं तर घरचं, पौष्टिक, तळकट नसलेलं असं काय न्यायचं, असं विचारलंस. विचारणारी कोण, तर तू! हर्णैच्या सहलीत उकडलेल्या अंड्यांचा डबा दुपारभर उन्हात कुणी ठेवला होता, ते इथे लिहीत नाही. तुझी मुलं आता मराठी वाचायला लागलीत ना!

तर तुला सांगते, मागच्याच रविवारी आम्ही सगळे आक्षीला जाऊन आलो. सगळे म्हणजे आई, नाना, आमचे हे, दोन्ही कार्टी, नणंदबाई आणि आहारशास्त्र शिकणारी त्यांची लेक. बेत ठरला तो आईंच्या कालनिर्णयावर. त्यांचं माहेर रेवदंड्याकडचं, तुला माहीतच आहे. त्या कॅलेंडरात फक्त तिथी बघतात. म्हणाल्या, ‘अष्टमी आहे. आठाचे पाऊणपट सहा. भरती सहाला, म्हणजे बाराच्या सुमाराला पाणी पार ओसरलेलं. ओहोटीत पोरांना पाण्यात सोडायचं नाही. साडेअकराला जेवायचं, मग सुरूच्या सावलीत लवंडायचं आणि पाणी चढायला लागलं की दोननंतर डुंबायचं.’ झालं, एका वाक्यात दिवसभराचं वेळापत्रक तयार! हे गणित आपल्या किनाऱ्याचं हं. तुझ्या मेलबर्नात अष्टमी शोधत बसू नकोस.

पण त्यामुळे एक गोष्ट छान झाली. जेवायची वेळ पक्की कळली. डबे भरायचे पहाटे पाचला, उघडायचे साडेअकराला, म्हणजे अन्नाला सहा-साडेसहा तास तग धरायला हवा. पदार्थ कुठला हे त्याच्यानंतर. आपण नेहमी उलटं करतो बघ, आधी हौसेनं पदार्थ ठरवतो आणि मग तो वाचवत बसतो.

भाचीबाई लगेच सरसावल्या. शिजवलेलं ओलं अन्न पाच ते साठ अंशांच्या मधे फार वेळ राहू द्यायचं नाही, दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी, आणि कडक ऊन असेल तर एकच तास. हे ती इतक्या गंभीरपणे सांगत होती की नानांनी हातातल्या चहाकडेसुद्धा संशयानं पाहिलं. मी म्हटलं, चला, ओल्या खोबऱ्याची चटणी बाद, सोलकढी बाद, बटाट्याची भाजी बाद. ‘मग दशम्याच कर की,’ आई म्हणाल्या. ‘आमच्या वेळी कुठे होते गं अंश?’

आणि खरंच दशम्याच केल्या. निम्मी ज्वारी, निम्मी कणीक, पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवलेली, वर जरासं तूप. दुपारपर्यंत मऊसूत. थोड्या गुळाच्या केल्या कार्ट्यांसाठी. तव्यावरून काढल्या की चाळणीवर पूर्ण गार होऊ द्यायच्या, गरम गरम डब्यात कोंडल्या की झाकणाला घाम येतो आणि खालची दशमी त्यात पोहते. बरोबर कोरडी लसणीची चटणी आणि कारळ्याची. मोड आलेल्या मटकीची उसळ मला न्यायची होती, पण भाचीनं मला नुसत्या नजरेनं गप्प केलं. मग मटकी वाफवलीच नाही, भाजलेले दाणे आणि फुटाणे घेतले. रताळी सालासकट उकडून घेतली. सालासकटच न्यायची, तिथे सोलायची. हात कितीही खारट आणि वाळूचा असला तरी आतलं रताळं स्वच्छ!

दहीभातावरून मात्र जुंपली. आईंची रीत म्हणजे भातात दूध जास्त, दही चमचाभर, म्हणजे दुपारपर्यंत आंबट होत नाही. भाची म्हणे, भात हा तर सगळ्यात बेभरवशाचा, गार झाल्यावर बाहेर ठेवायचाच नाही. शेवटी तह झाला. भात केल्यावर पसरट ताटात लगेच गार केला, दूध-दही आईंच्या हिशेबानं घातलं, हिंग-जिऱ्याची फोडणी दिली, आणि डबा आदल्या रात्री गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या मधे बसवला. बाटल्या गळ्यापर्यंत भरू नकोस, बर्फ फुगतो. जेवणाच्या वेळी भात गारेगार, आणि दुपारी बाटल्या वितळल्या की प्यायला पाणीही गार. दोघींनी आपापली जीत जाहीर केली.

नणंदबाईंचं काय झालं ते तर ऐक! त्यांनी काचेच्या मोठ्या भांड्यात काकडी-टोमॅटोची कोशिंबीर करून, मीठ घालून आणली होती. तुला सांगते, वडखळपर्यंत ती कोशिंबीर होती, आक्षीला पोचेतो सार झालं होतं. वर आणखी दुपारचा वारा समुद्राकडून येतो आणि आपण हौसेनं समुद्राकडे तोंड करून बसतो. झाकण उघडलं मात्र, वाळूची फोडणी बसली! त्यांनी तरी एक घास खाल्ला. दातांखाली करकर आम्हाला सगळ्यांना ऐकू आली, कुणी हसलं नाही, आणि त्या न हसण्यानंच सगळा घोळ झाला. नाना उठून सुरूच्या बनात गेले, तिथून त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

म्हणून तुला सांगते, समुद्रावर ताट-वाटी-चमच्याचं जेवण नकोच. वाळूत बसूही नकोस, झाडाखाली बस, पाठ वाऱ्याकडे. दशमीला चटणी-तूप लावून घरूनच सुरळी करायची, एकेक सुरळी फडक्यात गुंडाळायची, ज्याची त्याच्या हातात. काकडी-गाजर अख्खी न्यायची, चिरायची तिथे, मीठ पुडीत वेगळं. आम्हाला तर वाटेत अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळाल्या. आता त्याला भौगोलिक मानांकन वगैरे मिळालंय, पण चव तीच, गोडसर, डोळ्यांत पाणी न आणणारी. ह्यांनी तो बुक्कीनं फोडून दाखवायचा मोठा आव आणला आणि अर्धा कांदा शेजारच्या सतरंजीवर उडाला. शेजारचे लोक भले, त्यांनी मीठ मागितलं.

पिण्यासाठी आगळ. साखरेचं अमृतकोकम नव्हे, खारवलेलं आगळ, पाणी आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. उन्हात घामावाटे मीठ जातं ते परत येतं, आणि धाकट्याचे ओठ जांभळे झाले की तो स्वतःला राक्षस समजतो, तेवढाच वेळ जातो. तुमच्या तिथल्या देशी दुकानात आगळ मिळालं नाही तर आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कुसकर.

दोननंतर पाणी खरंच चढायला लागलं, अगदी आई म्हणाल्या तसं. आम्ही सगळे पाण्यात. नाना मात्र ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून गेले ते तासाभरानं परतले. पौष्टिक डब्याचं तोंडभर कौतुक केलं, आणि ते करताना मिशीला कांदाभजीचा कण. आईंनी पाहिला. काही न बोलता पदरानं पुसला, आणि सबंध परतीच्या प्रवासात त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. तू असतीस तर!

तुमच्याकडे ते सीगल पक्षी हातातले चिप्स पळवतात म्हणालीस. सुरळी फडक्यात ठेव, घासापुरतीच बाहेर काढ. आणि ज्वारीचं पीठ नाही मिळालं तर दशम्या नुसत्या कणकेच्या कर. मी भाजणी पाठवली असती, म्हणजे थालीपिठंही झाली असती, पण तुमचे कस्टमवाले पुडीपुडी उघडून बघतात म्हणे, आणि धन्या-जिऱ्याचा तो वास त्यांना समजावणार कोण? तूच भाज. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, थोडे उडीद, मूठभर धने, सगळं वेगवेगळं आणि मंद आचेवर. मंद म्हणजे मंद, तुझ्या हिशेबाची नव्हे. भाजताना फोन बाजूला ठेव. आणि पहिल्या दशमीचा फोटो पाठव, कितीही वाकडी झाली तरी. आईंना दाखवायचाय.

तुझीच,
मी