पाचव्या मजल्यावरचा बर्फ

आम्हा ग्वाल्हेरकरांना हॉकी म्हणजे कॅप्टन रूपसिंग, ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. त्यांच्या नावाच्या स्टेडियममध्ये पुढे क्रिकेट आलं, हे बाबांचं जुनं दुखणं. बर्फावरच्या खेळाला हॉकी म्हणणं तर त्यांना मुळीच मान्य नव्हतं. पण आई गेल्यानंतर ते माझ्याकडे न्यू जर्सीला आले आणि नुसते खिडकीशी बसून राहू लागले. म्हणून मी रेंजर्सच्या सामन्याची दोन तिकिटं काढली.

मॅडिसन स्क्वेअर गार्डन थेट पेन स्टेशनच्या डोक्यावर आहे. 1968 साली उघडलेली ही त्या नावाची चौथी इमारत. तिच्यासाठी जुनं देखणं स्टेशन पाडलं. गाडीतून उतरून आम्ही सरकत्या जिन्यांनी वर वर जात राहिलो. खाली रेल्वे, आणि पाचव्या मजल्यावर बर्फाचं मैदान! बर्फ जेमतेम इंचभर जाड. बास्केटबॉल किंवा गाण्याचा कार्यक्रम असला की तो वितळवत नाहीत, वर फळ्या टाकून झाकतात. आतल्या पायऱ्या फार उभ्या. बाबांनी माझा दंड घट्ट धरला होता.

पहिलं वीस मिनिटांचं सत्र ते गप्पच होते. चकती दिसतच नाही म्हणाले. मध्यंतरात झांबोनी आलं आणि पाणी सोडत, ओरखडे बुजवत संथपणे फिरू लागलं. बाबा पुढे वाकून बघत राहिले.

"तुझी आई वाड्याचं अंगण असंच सारवायची. एक कोपरा सुटायचा नाही."

चार महिन्यांत आईचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला होता. मी काही बोललो नाही.

तिसऱ्या सत्रात ते चक्क उभे राहून ओरडले, "अरे, पास दे ना!"

परतीच्या गाडीत मात्र पुन्हा तेच. "काही म्हण, ही हॉकी नव्हे."