पेरणीआधीचा महिना

संक्रांत झाली की साताऱ्यातल्या आमच्या परसात पावट्याचे वेल थकतात. शेंगा वाळू लागतात, शेंड्यांवर मावा चढतो. सगळं उपटून वाफा स्वच्छ करावा असं वाटतं खरं, पण मी वेल जमिनीलगत कापते आणि मुळं तिथंच राहू देते. मुळांवरच्या गाठींत जिवाणूंनी हवेतला नत्र साठवलेला असतो. मुळं कुजली की त्यातला काही पुढच्या पिकाला मिळतो. मावा पडलेले एक-दोन वेल मात्र मी मुद्दाम उभे ठेवते. त्यांच्यावर मावा खाणारे ढालकिडे जमतात, आणि शेजारच्या मिरचीला तेच राखणदार लागतात.

भेंडी, गवार, दोडका, कारलं ही ऊब मागणारी पिकं. रात्री अजून बोचऱ्या असताना बी टोकलं, तर ते गार ओलीत पडून राहतं आणि बरंचसं कुजून जातं. म्हणून रथसप्तमी उलटून उन्हाला धार येईपर्यंत मी बियांचा डबा उघडत नाही. तोवरचा सगळा वेळ मातीचा.

आणि मातीला हवं ते याच दिवसांत रस्त्यावर पडलेलं असतं. देशी बदामाची लालबुंद पानं, आंब्याचा, जांभळाचा पाचोळा. सकाळी कुणी ना कुणी त्याचे ढीग करून काडी लावतं. तो धूर पाहिला की माझा जीव तुटतो. झाडानं वर्षभर ऊन खाऊन तयार केलेलं अन्न डोळ्यांदेखत राख होत असतं. मी पोती घेऊन जाते आणि मागून आणते. आता गल्लीतल्या दोन-तीन घरांतून पानं पेटवण्याआधी मला हाक येते, याचा मला फार आनंद आहे.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे शिक्षक, पण त्यांच्या 'प्रयोग परिवार' या शेतीतल्या चळवळीनं अनेकांना पाचोळ्याकडे बघायला शिकवलं. त्याच विचारातलं अमृतजल मी करते : 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात पाचोळा भिजवायचा. भिजलेल्या पानांचा थर, वर मूठमूठ माती, पुन्हा पानं. ढीग अधूनमधून वरखाली केला की पानं काळी पडून हातात चुरतात आणि पहिल्या पावसासारखा वास येतो.

मोगऱ्याचा कारभार सासूबाईंकडे. थंडीत त्या त्याचं पाणी तोडतात. झाड मलूल दिसलं की मला राहवत नाही. त्या म्हणतात, "अगं, आत्ता पाणी दिलंस तर नुसता पाला माजेल. तहानू दे त्याला." जानेवारी सरता सरता त्या जुनी पानं ओरबाडून काढतात, वाळक्या काड्या छाटतात, बुंध्याची माती उकरून दोन दिवस ऊन देतात, मग शेणखत आणि भरपूर पाणी. फुटलेल्या नव्या फांद्यांच्या टोकांना कळ्या धरतात. झाडाची तहान ओळखण्याची त्यांची नजर मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

यंदा भेंडीसाठी 'परभणी क्रांती' आणलंय. उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते, तिच्यामुळे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग पसरतो, आणि हे वाण त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. बी रात्रभर भिजवून एकेका जागी दोन-दोन टोकायचं. काकडी पांढऱ्या फळांची, 'हिमांगी'. वाफ्यांच्या कडेनं झेंडू. त्याच्या मुळांतल्या द्रव्यानं मातीतले सूत्रकृमी कमी होतात, शिवाय मधमाश्या येतात, त्या काकडीला हव्याच.

वेलांसाठी तुरीची काढणी झालेल्या शेतातून तुऱ्हाट्या आणल्या आहेत. दोडक्याला त्या पुरतात. कारल्याच्या मांडवाला मात्र बांबू लागतील, ते या रविवारच्या बाजारात बघायचे आहेत.