सारसांच्या शिवारात

बालाघाटात आमच्या घराण्याची ही सातवी पिढी. नागपूरकर भोसल्यांच्या काळात पूर्वज वैनगंगेच्या काठी आले आणि येथलेच झाले. आम्ही स्वतः महसूल खात्यात छत्तीस वर्षे काढली, जीपमधून निम्मा जिल्हा पालथा घातला. परंतु पक्षी म्हणाल, तर कावळा, चिमणी आणि मोर यांपलीकडे आमची ओळख गेली नव्हती. गेल्या कार्तिकात पक्षिनिरीक्षणाच्या तीन दिवसांच्या सहलीला नाव नोंदवले, तेही सौभाग्यवतींच्या आग्रहाखातर.

पहिले दोन दिवस मुक्कीच्या बाजूने कान्ह्यात गेले. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे. आजूबाजूच्या जिप्सींतील मंडळी वाघासाठी कासावीस होती. आमचा वाटाड्या, जवळच्याच खेड्यातला एक गोंड तरुण, मात्र गाडी थांबवून सालवृक्षांकडे कान लावून बसे. आधी कान, मग दुर्बीण, ही त्याची शिकवण. एकदा शीळ ऐकून आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने वहीत 'सर्पगरुड' असे लिहिले. तो हसला, म्हणाला, "बाबूजी, यह तो भृंगराज है, नकल उतारता है।" शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना पिसांचे झुबके मिरविणारा तो काळा बहुरूपी समोरच बसला होता. निवृत्त अधिकाऱ्याला दुरुस्ती सोसत नाही, पण ती सोसली.

तिसऱ्या दिवशी रान सोडून वैनगंगेकाठच्या धानाच्या शिवारात आलो. बांधावर ओळीने उभे राहायचे, बोट दाखवायचे नाही, पुढे जायचे नाही, अशी ताकीद मिळाली. धुके विरळ होताच सारसांची जोडी दिसली. जवळजवळ माणसाएवढी उंची, राखी अंग, तांबडी मान; आणि दोघांच्या मध्ये बदामी रंगाचे एक पिल्लू. सारस भर पावसाळ्यात पाण्यातच काड्याकाटक्यांचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. आदिकवीचा क्रौंच तो हाच, असे मानणारा तज्ज्ञांचा एक पक्ष आहे. शेतकऱ्याने कापणी करताना घरट्याभोवतीचा धान तसाच उभा ठेवला होता. नुकसानीबद्दल विचारले, तर तो नुसता हसला.

वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या अलीकडे बालाघाट, पलीकडे गोंदिया. १९५६ साली राज्ये वेगळी झाली, सारसांना ते कोणी कळविले नाही. महाराष्ट्रातील सारस आज बहुतांशी गोंदियाच्याच आसऱ्याने उरले आहेत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली.

परतताना वाटाड्याने सहज सांगितले, की त्याच्या आजोळी, गावाखालच्या खोलगट दलदलीत, पूर्वी अशीच एक जोडी असे. मग सरकारने चर खोदून पाणी काढून दिले, जमीन वाटली, जोडी गेली. आम्ही गावाचे नाव विचारले. विचारण्याची गरज नव्हती. १९९१ साली त्या खसऱ्यापुढे 'दलदल, निरुपयोगी' असा शेरा आम्हीच मारला होता. भूमिहीनांना जमीन मिळाली, याचे आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते 'निरुपयोगी' या शब्दाचे. तो लिहिण्यापूर्वी आम्ही त्या बांधावर पाच मिनिटेसुद्धा उभे राहिलो नव्हतो. मारुती चितमपल्लींची पुस्तके तेव्हाही घरात होती. नवेगावबांधच्या पाण्याकाठी वनाधिकारी म्हणून वावरलेला हा लेखक (२०२५ मध्ये ते गेले) आम्ही रात्री प्रेमाने वाचीत असू. मात्र पुस्तकातले पाणी आणि सकाळी टेबलावर येणाऱ्या नस्तीतले पाणी एकच, हे कधी ध्यानी आले नाही.

वाटाड्याला तेव्हा काही बोललो नाही. रात्री सौभाग्यवतींना सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "त्याला सांगायला हवे."

सकाळी निघताना सांगितले. त्याने मान डोलावली, रागावला नाही. यामुळे अधिकच ओशाळलो. जूनमध्ये सारसगणना असते, पहाटे पाणवठ्यांवर माणसे लागतात, असे तो म्हणाला. आम्ही त्याच्या आजोळचे गाव मागून घेतले.

"वहाँ तो अब कुछ नहीं मिलेगा, बाबूजी।"

न मिळाल्याचीही नोंद लागतेच ना, असे म्हणताच त्याने खिशातून वही काढली आणि गावापुढे आमचे नाव लिहिले.